मिठाचा काटा

ऑक्टोबरात उतरतात तेव्हा काहीच नसतात.
आगरवाड्याच्या बांधावर वाऱ्यानं आणून टाकलेली
चार पिसं, दोन काड्या, एक चोच.
चिखल्या म्हणतात त्यांना.
तीन पावलं धावायचं, थांबायचं, टोचायचं,
पुन्हा तीन पावलं.
उधारी मागायला आलेल्या माणसासारखं.

जोव्हिता जाळी लावते अवसेच्या आसपास,
भरतीचं पाणी मानशीतून आत शिरू लागलं की.
मी बॅटरी धरतो.
एकेक पाखरू सुती पिशवीत घालून
ती छोट्या काट्याला अडकवते, आकडा सांगते,
मी लिहितो, मिठाच्याच वहीत,
पुढून मीठ, मागून पाखरं.
नोव्हेंबर : अठ्ठावन्न ग्रॅम.
फेब्रुवारी : तेवढेच.
एप्रिल लागताना, पायात तेच वाळं, तोच नंबर :
शहाऐंशी.

"एवढं काय खाल्लं यानं?"
तिनं पोटावर हलकी फुंकर मारली.
पिसं बाजूला झाली. पातळ कातडीखाली
पिवळी चरबी, सायीसारखी धरलेली.
मी जन्मभर ऐकत आलो, लांब जायचं तर हलकं जावं.
हे उलटंच.
पण निघायच्या आधी, ती म्हणाली,
काही पाखरं खाणं सोडतात,
जठर, आतडं आवरून लहान करतात.
वाटेत लागणार नाही ते मागे ठेवावं तसं.
बॅटरी माझ्या हातात किंचित हलली असावी.
"सरळ धर," ती म्हणाली.

सगुण, माझा थोरला, बावीस वर्षं तारवटी.
बोलावणं आलं की पंधरा दिवस
ताटावरून उठायचा नाही, बांगडा, सुंगटं, पेज, पुन्हा बांगडा,
आणि शेवटच्या दोन दिवशी नुसता चहा.
रात्री अंगणात फेऱ्या.
मागच्या साली तपासणीत साखर निघाली.
कंपनीनं कागद परत पाठवले,
त्यानं बॅग माळ्यावर टाकली
आणि शिवोलीच्या बाजारातून कोंबड्या आणल्या.

तरी एप्रिल आला की उठतो. दोन वाजता, तीन वाजता.
वहिनी म्हणते, कुशीवर वळतो ते भिंतीकडं नाही,
दाराकडंच.
हे मी जोव्हिताला सांगितलं नव्हतं.
तीच एकदा म्हणाली, पिशवीचं तोंड बांधता बांधता :
पिंजऱ्यातलं पाखरूसुद्धा या दिवसांत झोपत नाही.
आभाळ दिसो न दिसो,
जायच्या बाजूच्या गजांशीच फडफडत राहतं.
दिवस लांबला, एवढं त्याला पुरतं.
कुणी हाक मारावी लागत नाही.

परवा सांजेला वारं फिरलं. शापोऱ्याच्या मुखाकडून,
पाठीत हात ठेवल्यासारखं.
कोंडीतलं मीठ गुलाबी होऊन विझत होतं.
चिखल्या एका जागी गोळा झालेल्या, एकही टोचत नव्हती.
मग कुठल्याशा बारीक शिट्टीनं
सगळा बांध उठला.
एक वळसा, दुसरा, अजून उंच,
आणि पहिला तारा दिसायच्या आत
त्या नुसता आवाज उरल्या.
किती दिवसांची वाट, कुठला डोंगर ओलांडून कुठली गवताळ जागा,
जोव्हिताच्या नकाशात असेल.
आमच्या वहीत फक्त वजन आहे.

परतलो तर खोपीत कंदील होता.
पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर
सगुण बसलेला, पाय वर घेऊन, अनवाणी,
लुंगी गुडघ्यांत खोवलेली.
"वाच," म्हणाला.
मी वजनं चढवली, एक काढलं, दांडी थांबू दिली.
"ब्याऐंशी."
तो हसला नाही. दाराबाहेर बघत राहिला,
जिकडून वारं येत होतं तिकडं नाही,
जिकडं जात होतं तिकडं.
"पुरे," म्हणाला.
"एवढं पुष्कळ झालं."

उतरला मात्र नाही.
मी वही उघडली, आणि बराच वेळ
पुढून लिहावं की मागून,
कळेना.